आईचा अभिप्राय आणि लेखकाचा धाकटा भाऊ

ती कादंबरी खरं तर मी माझ्यासाठी आणली होती. गेल्या शतकातल्या एका नामांकित लेखकाच्या घराण्यावरची, चांगली जाडजूड. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं ती. आमच्या घाटकोपरच्या वाचनालयात तिच्यासाठी नंबर लावावा लागत होता. मी पवईच्या एका कंपनीत टायपिस्ट होते. माझा नंबर लागला तेव्हाच नेमकं ऑफिसात काम वाढलं आणि पुस्तक आठवडाभर शिलाई मशीनवर पडून राहिलं. एका संध्याकाळी घरी आले तर आई ते मांडीवर घेऊन ओळीखाली बोट धरून वाचत होती.

आई चौथीपर्यंत शिकलेली, मालवणकडची. वडिलांची गिरणी बंद पडल्यावर ते एका सोसायटीत वॉचमन झाले आणि आई घरी ब्लाउज शिवू लागली. तिच्या हातात वर्तमानपत्राशिवाय दुसरं काही मी कधी पाहिलं नव्हतं.

"काय गं, कळतंय का?" मी विचारलं.

"मराठीतच लिवलेला आसा मां?" ती वर न बघता म्हणाली.

दिवसाला दहा पानं, कधी सहा. मी दोनदा मुदत वाढवून आणली. तिसऱ्यांदा ग्रंथपाल म्हणाले, "बस झालं. मागे रांग लागलीय." मी घरी येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी आईनं मशीन झाकलं, इस्त्रीची साडी नेसली आणि पुस्तक घेऊन स्वतः तिथे गेली. ग्रंथपालांना म्हणाली, "दीडशे पानां उरली आसत. घरी न्यायचा नसेल तर हयच वाचतंय. माका पुरा करूचा आसा."

ग्रंथपाल भला माणूस. नवीन प्रत आली होती, ती त्यांनी टेबलावर ठेवली. पुढचे तीन आठवडे आई दुपारी दोन ते चार वाचनकक्षात बसली. तिथे फक्त निवृत्त पुरुष वर्तमानपत्रं चाळत बसायचे. पहिल्या दिवशी एकानं तिला विचारलं, "कोणाला शोधताय?" तिनं पुस्तक वर करून दाखवलं.

त्या सुमारास वाचनालयानं त्याच कादंबरीवर रविवारी सकाळी चर्चा ठेवली. वाचकांनी आपला अभिप्राय लिहून द्यायचा, निवडक अभिप्राय वाचले जातील, अशी पाटी लागली. मी म्हटलं, "तू सांग, मी टाइप करून देते."

"नको. माजा मी लिवतंय."

फुलस्केपचे तीन कागद फाडले तिनं. चौथ्यावर पाऊण पान भरलं. ग्रंथपालांनी ते वाचलं आणि हळूच म्हणाले, "वहिनी, छान आहे. शुद्धलेखन तेवढं मी नीट करून घेतो. शेवटचं वाक्यही जरा सौम्य करू या."

"वळी माझ्या आसत," कागदावरच्या ओळींवर हात ठेवून आई म्हणाली. "वाचूचा नसेल तर परत द्या."

रविवारी वाचनालयाशेजारच्या शाळेचा हॉल अर्धा भरला होता. आधी एक निवृत्त हेडमास्तर बोलले. कादंबरीनं एवढ्या थोर माणसाला स्वयंपाकघरात आणून बसवलं, त्याच्या बायकोच्या तोंडी नसता राग घातला, असा त्यांचा आक्षेप होता. मग दोन तरुण प्राध्यापिका बायकोच्या बाजूनं तावातावानं बोलल्या. त्यानंतर आईला बोलावलं. तिनं कागद उलगडला. आवाज तिचा नेहमीचाच होता, भाजीवाल्याशी बोलायचा.

तिनं लिहिलं होतं की सगळे लेखकाबद्दल आणि त्याच्या बायकोबद्दल बोलतात, पण तिला त्याचा धाकटा भाऊ दिसला. त्यानं शाळा सोडली, कारकुनी धरली, घर ओढलं, म्हणून मोठा लिहू शकला. निम्म्या पुस्तकभर तो कोणाचं ना कोणाचं काम करत फिरतो, आणि तो मेल्याचं मात्र एका ओळीत उरकलंय. "ही वळ माका आवडली नाय. लिवणाऱ्यान घाई केली."

हेडमास्तर उठले. "बाई, नायक थोरला भाऊ आहे. कादंबरीकार किती जणांच्या मरणावर पानं खर्च करणार?"

"ता खरा," आई म्हणाली. "पण तुम्ही इचारलात वाचणाऱ्याक काय वाटला. माका ह्या वाटला."

"त्या भावाचं नाव तरी लक्षात आहे का तुमच्या?"

आईनं नाव सांगितलं. त्याच्या बायकोचं सांगितलं, तो कोणत्या कचेरीत होता ते सांगितलं. लेखकाच्या पहिल्या पुस्तकाचे कागद कुणी बांधून छापखान्यात नेले, तेही सांगितलं. हॉलमध्ये पानं उलटल्याचे आवाज आले. हेडमास्तर म्हणाले, "हे माझ्या नजरेतून सुटलं होतं," आणि बसले. बायकोच्या रागाबद्दलचं आपलं मत मात्र त्यांनी शेवटपर्यंत बदललं नाही.

घरी चालत येताना मी विचारलं, "तुला तो भाऊच कसा दिसला गं?"

ती म्हणाली की मामाला शिकायला मुंबईला पाठवायचं ठरलं, तेव्हा घरात हात कमी पडायला लागले, म्हणून तिला चौथीतून काढलं होतं. मामा पुढे बँकेत साहेब झाला. आमच्याकडे यायचा, लाडू आणायचा. ही गोष्ट मला तोवर कुणी सांगितली नव्हती.

"मग मामावर राग आहे तुझा?"

"राग कित्याक? तो पण ल्हानच होतो. पण कोणी एकदा इचारूक होया होता."

तिचा अभिप्राय जसाच्या तसा, चुकांसकट, महिनाभर वाचनालयाच्या फळ्यावर लागला. आईनं स्वतःच्या नावानं सभासदत्व घेतलं. पुढच्या वर्षी शेजारच्या दोघीही तिच्याबरोबर दुपारी वाचनकक्षात जाऊ लागल्या. ग्रंथपालांनी कौतुकानं मागच्या कोपऱ्यात एक टेबल मांडलं आणि त्यावर 'महिलांसाठी' अशी पाटी ठेवली. आईनं ती पाटी उचलून त्यांच्या हातात दिली.

"आमका येगळा टेबल कित्याक?" ती म्हणाली. "थय उजेड नाय." आणि तिघी खिडकीजवळच्या मोठ्या टेबलाशी जाऊन बसल्या.