लोणच्याच्या बरणीतलं बाळंतपण

छप्पन साली राज्यं नव्यानं आखली गेली. केसरबाईंचं पांढुर्ण्याचं सासर मध्य प्रदेशात राहिलं आणि नरखेडचं माहेर मुंबई राज्यात गेलं. त्याच वर्षी त्यांच्या नवऱ्यानं, पुंडलिकरावांनी, काचेच्या पेटीत गप्पी मासे आणले. मादी पोटुशी दिसताच, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं म्हणून बाईंनी तिला लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत हलवलं. पिल्लं झाली. बाळंतीण लेकरांजवळच हवी म्हणून तिला तिथंच ठेवलं, तर तिनं सगळी गिळली!

"मेली अवदसा!" बाई कडाडल्या.

पुढच्या खेपेला मात्र पिल्लं दिसताच त्यांनी आईला पेटीत धाडलं. बरणीत पिल्लं मजेत पोहू लागली.

"बरणी लोणच्याले कधी मोकळी होईन?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"तिचं माहेर हाय ते. मायं तं दुसऱ्या राज्यात गेलं, तिचं तरी घरात राहू द्या."