ताईच्या सासऱ्यांची वेबसाइट

व्याही होण्यासाठीच देवाने एखाद्याला जन्माला घातलं असेल, तर तो माणूस म्हणजे माझ्या ताईचे सासरे. बाकीचे लोक मुलाचं लग्न झाल्यावर व्याही होतात. हे जन्मजातच व्याही होते, फक्त मुलगा लग्नाचा होईपर्यंत त्यांना कळ काढावी लागली एवढंच. भवानीनगरला कारखान्याच्या अतिथिगृहाची व्यवस्था बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कुणाला कुठल्या खोलीत उतरवायचं, कुणाच्या चहात साखर चालत नाही, कुणाला कुणाशेजारी बसवलं तर दोघेही अर्धपोटी उठतील, हे त्यांना झोपेतसुद्धा पाठ. त्यामुळे स्वतः पाहुणे म्हणून कुठे गेले की यजमानाची परीक्षाच सुरू व्हायची. आमच्याकडे निमगाव केतकीला आले तर स्टँडवरून सरळ घरी म्हणून यायचे नाहीत. चहाच्या टपरीवर बसून कुणाकडून तरी निरोप धाडायचे, "म्हणावं, भवानीनगरचं व्याही आल्यात." मग वडील हातातलं काम टाकून, सदरा बदलून धावत सुटायचे. एकदा टोपी राहिली, तर हे म्हणाले, "असू द्या पाव्हणं, आज ऊन बी कमीच हाय." वडील आठवडाभर त्या वाक्याने अस्वस्थ होते.

ताई मात्र त्या घरात सुखात होती. मानपानाचा हा सगळा थाट बाहेर. घरात सुनेला ते स्वतः चहा करून द्यायचे आणि कप ठेवताना दांडा तिच्या उजव्या हाताला येईल असा ठेवायचे. आम्ही दोघी बहिणी त्यांना मामा म्हणत असू.

नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. मी बी.कॉम. होऊन बारामतीला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. वडिलांनी परवानगी दिली होती ती स्थळ येईपर्यंत पोरीचा वेळ जावा म्हणून. क्लासमध्ये एके दिवशी सरांनी वेबसाइटचं पान कसं बनतं ते शिकवलं. साध्या नोटपॅडमध्ये मी चार ओळी लिहिल्या, फाइल उघडली, आणि पडद्यावर माझं नाव लाल ठसठशीत अक्षरांत उभं राहिलं. मला तेव्हाच कळलं की आपल्याला जन्मभर हेच करायचंय. असं काही वडिलांना सांगायची सोय नव्हती, म्हणून ताईला सांगितलं. ताईने ते मामांच्या कानावर घातलं, आणि पुढच्याच आठवड्यात निरोप आला, "बारामतीहून येताना भवानीनगरला उतरावं. वेबसाइट काढायची हाय." जणू पिठाची गिरणी काढायची होती. लग्नाच्या पोरीने बहिणीच्या सासरी सारखं जाऊन बसणं वडिलांना पसंत नव्हतं. पण व्याह्याला नाही कसं म्हणणार?

मामांच्या मुलाने, म्हणजे आमच्या दाजींनी, घरात कॉम्प्युटर आणलेला होता. त्यावर भरतकामाचा रुमाल असे. मामा तो दोन्ही हातांनी उचलायचे, घडी घालायचे, आणि मगच बटण दाबायची परवानगी मिळायची. पहिल्या दिवशी मी विचारलं, "मामा, वेबसाइट कशाची काढायची?"

"सोयऱ्याधायऱ्यांची. दुसरं काय हाय आपल्याकडं?"

दोन तालुक्यांतले सगळे सोयरे एका पानावर आणायचे आणि प्रत्येकाच्या नावाला बोट लावलं की त्याचं घर उघडलं पाहिजे, असा बेत होता. लिंक म्हणजे काय हे क्लासमधल्या पोरांना समजायला दिवस लागले होते. मामांना एका वाक्यात कळलं. "म्हंजे ह्यांची पोरगी तिकडं दिलीय, असंच न्हवं?" मी मान डोलावली. त्यानंतर लिंक चालत नसली की ते गंभीर होऊन विचारायचे, "बोलणं फिसकाटलं व्हय?"

खरं संकट उभं राहिलं ते पहिल्या नावापाशी. पानावर सगळ्यांत वर कुणाचं नाव घालायचं? वयाने घातलं तर सणसरचे चुलते दुखावतात, नात्याने घातलं तर लासुर्णेचे साडू. बाराखडीप्रमाणे घालू या म्हटलं, तर मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पंगतीत कवा बाराखडीनं बसवलंय का कुनाला?" तीन रविवार आम्ही त्या एका पानावर अडून होतो. नावं गोल मांडून पाहिली, तर गोलाचा माथा कुणाकडे यावर अडलं. शेवटी मला क्लासमध्ये शिकलेली हलती पट्टी आठवली. सगळी नावं खालून वर सरकत राहतात, वरचं गेलं की खालचं वर येतं, थांबणं म्हणून नाही. मामांनी ते पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "ही खरी पंगत," ते म्हणाले. "समद्यांचा मान राहिला."

जगातल्या कुठल्याही जाणकाराने ते पान पाहून कपाळावर हात मारला असता. पिवळ्या पार्श्वभूमीवर हिरवी नावं, दोन्ही बाजूंना लुकलुकणाऱ्या समया, वर "सुस्वागतम्" उघडमीट करणारं, आणि मध्ये ही सरकती भाऊबंदकी. पण मी ताईच्या माहेरची. व्याह्यांना रंग भडक झाला असं सांगणारी मी कोण? लासुर्णेचे साडू मुद्दाम बघायला आले होते. चष्मा शोधून डोळ्यांवर चढवेपर्यंत त्यांचं नाव वर निघून गेलं, आणि पुन्हा येईपर्यंत कॉम्प्युटर अडकला. ते रागाने उठले तेव्हा मामा त्यांना हाताला धरून म्हणाले, "बसा की राव, तुमची पाळी आलीच समजा." ती पाळी आली तोवर दोघांचा दुसरा चहा झाला होता.

पुढे एका परदेशी कंपनीने फुकट दिलेल्या जागेवर आम्ही ते पान चढवलं आणि बघायला बारामतीला एका सायबर कॅफेत गेलो. मामा नवं धोतर नेसून आले होते. पान उघडलं तर नावांच्या जागी सगळी चित्रविचित्र चिन्हं. घरच्या कॉम्प्युटरवरचा मराठी फॉन्ट तिथल्या कॉम्प्युटरवर नव्हताच. मामा पुढे वाकून एकेक चिन्ह बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "हे आपलं सोयरं न्हायती." मग मी प्रत्येक नावाचं चित्र करून टाकलं. नावं दिसू लागली, पण पान उघडायला इतका वेळ लागायचा की मामांचा जीव कासावीस व्हायचा. "अगं, पाव्हणा दारात उभा हाय आन आपण आत चूल पेटवतोय. आदी पाणी तरी दे त्याला." मी पानाच्या सुरुवातीला दोन साध्या ओळी घातल्या, चित्रं लहान केली, समया काढल्या. समया गेल्याचं त्यांना वाईट वाटलं, पण पाहुणा ताटकळत नाही म्हटल्यावर त्यांनी ते चालवून घेतलं. पान बनवताना आधी येणाऱ्या माणसाचा विचार करायचा, हे मी तिथे शिकले. माऊस धरताना ज्यांचा हात थरथरायचा, त्यांच्याकडून.

असं वर्ष गेलं. क्लासच्या सरांनी माझी कामं पुण्यात वेबसाइट बनवणाऱ्या एका ऑफिसात दाखवली आणि तिथून नोकरीचं पत्र आलं. वडिलांनी ते वाचलं, घडी करून देवळीत ठेवलं आणि म्हणाले, "न्हाय." रागाने नव्हे, पावसाने पीक गेलं असं सांगावं तसं. एका स्थळाची बोलणी चालू होती. लग्नाआधी पोरगी पुण्यात ठेवली तर लोक काय म्हणतील, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने तिथेच संपला होता. आईने मला परसात नेऊन गप्प राहायला सांगितलं. पत्रात हजर व्हायची तारीख होती, आणि ती जवळ येत होती.

त्याच आठवड्यात बाजारच्या दिवशी स्टँडवरून निरोप आला, व्याही आल्यात. वडील टोपी घालून धावले. आईने मटण टाकलं, भाकरी थापल्या. मामांना पाटावर बसवलं, शेजारी वडील, समोर माझे दोन्ही चुलते. आमच्याकडे व्याह्याने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी ताटाला हात लावत नाही. रश्श्याचा वास घरभर सुटलेला, आणि मामांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले ते ठेवलेच.

"घ्या की पाव्हणं," वडील म्हणाले.

"लग्नात आमी रुसलो न्हवतो," मामा शांतपणे म्हणाले. "वरबापाचा हक्क असतोय. आज रुसलोय."

वडिलांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. लग्नाला चार वर्षं झाल्यावर व्याही रुसतो म्हणजे दाजींना मोटारसायकल हवी असणार, असं चुलत्यांनी एकमेकांकडे बघत ताडलं. वडील कसेबसे म्हणाले, "काय चुकलं आमचं? काय पायजे ते सांगा."

"धाकलीला पुण्याला जाऊ द्या."

मी दाराआड उभी होते. आईची भाकरी तव्यावर करपली तरी तिला कळलं नाही.

"पाव्हणं, ही काय रुसायची गोष्ट हाय व्हय?" वडील म्हणाले. "लोक काय म्हणतील? ह्या स्थळानं उद्या न्हाय म्हटलं तर?"

"लोक म्हंजे कोण? सोयरंच न्हवं? समदं सोयरं माझ्या कॉम्प्युटरात हायती. कुनी बोललं तर माझ्याकडं धाडा, मी बघतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझी पुतणी तितं नर्स हाय. तिच्या खोलीवर राहील. मी जाऊन खोली बघून आलोय. पाणी दोन वेळचं हाय."

म्हणजे हा माणूस कुणाला न सांगता पुण्याला जाऊन आला होता. रश्श्यावर तुपासारखा थर धरला. धाकटे चुलते हळूच भाकरीचा तुकडा मोडायला गेले, तर थोरल्यांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. शेवटी वडील दाराकडे न बघता म्हणाले, "कवा हजर व्हायचंय तुला?"

मी सांगितलं. मामांनी भाकरी मोडली.

मी पुण्याला गेले आणि त्यांची वेबसाइट अर्धी राहिली. दिवाळीत मी भवानीनगरला जायची, दोन-चार घरं जोडायची, पण सोयरे माझ्या सुट्टीपेक्षा वेगाने वाढत होते. पुढे ती फुकट जागा देणारी कंपनीच बंद पडली आणि ती सरकती पंगत कुठे गेली कुणास ठाऊक. मामा एका शब्दाने कुरकुरले नाहीत.

ते आजारी पडले तेव्हा मी आभार मानायचे असं ठरवूनच गेले होते. घरच्या माणसाचे आभार मानायची आपल्याकडे सवय नाही, त्यामुळे शब्द सापडेनात. म्हटलं, "मामा, त्या दिवशी तुम्ही अडून बसला नसता तर माझं काय झालं असतं?"

"तुझ्या बापानं अजून घटकाभर ताणलं असतं, तर मीच जेवलो असतो," ते म्हणाले. "लई भूक लागली हुती."

मी हसता हसता रडायला लागले. "आणि मग?"

"मग काय? पुढच्या बाजारला पुन्हा आलो असतो. व्याही हाय मी. कितीबी येळा येईन."

ते गेल्यालाही आता खूप वर्षं झाली. ताईकडे अजून सगळे पंगतीला बसतात. ताटं वाढून होतात, वाफ निघत असते, आणि त्यांच्याऐवजी पहिला घास कुणी घ्यायचा ते कुणालाच सुचत नाही.