दोन दात आणि वैजापूरचं ताट

स्कूटरवरून पडून माझे समोरचे दोन दात गेले, तेव्हापासून माझा कोणावर विश्वास उरला नाही. संभाजीनगरातल्या डॉक्टरीणबाईंनी हाडात स्क्रू बसवले आणि ते पक्के होईपर्यंत काढ-घाल करायचे दोन दात दिले, टाळूला चिकटणाऱ्या गुलाबी पट्टीवर. "हे दिसण्यापुरते. जेवताना काढून ठेवायचे," असं बजावलं. बायको म्हणाली, "म्हणजे हत्तीसारखं. दाखवायचे वेगळे." मला ते जरा जास्तच पांढरे वाटायचे. पडेगावात आमचा दूधवाला नुसता हसला, तरी वाटायचं, हा नेमका कशाला हसला?

अशात लेकीला वैजापूरचं स्थळ आलं. मुलगा तिला मनापासून आवडला होता. माझ्यामुळं काही बिनसू नये, एवढीच मला धास्ती. आम्ही तिघं त्यांचं घर बघायला गेलो. मुलाचे वडील कांद्याचे अडते. माल पारखावा तसे माणसाकडं बघायचे. त्यांची नजर माझ्या ओठांवरून हलेना. मी रुमाल तोंडाशी धरला.

ताटं आली. बाजरीची भाकरी, ठेचा, फोडलेला कांदा. चारचौघांत दात काढायची लाज वाटली. "पोट ठीक नाही," म्हणत मी ताट सरकवलं. मी सुरुवात करीना, म्हणून कोणीच हात लावीना.

आमच्याकडं घर बघायला गेलेल्या मुलीच्या बापानं घास घेतला नाही, तर तो नकार धरतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्या वेळी डोक्यात फक्त दात होते.

"म्हंजी नकार समजायचा का आमी?" मुलाचे वडील म्हणाले. "घर बरं नाय वाटलं, का माणसं?"

लेकीचा चेहरा उतरला. तो मला बघवेना. मी रुमालाआड दात काढले आणि तळहातावर धरून त्यांना दाखवले.

"ह्यांनी खाता येत नाही," मी बोबडं बोललो.

त्यांनी वाकून ते दात निरखले. "व्हय का? मग आजून काय काय झाकून ठिवलंय, पाव्हणं?"

बायको मान खाली घालून बसली. तेवढ्यात लेकीनं आपलं ताट पुढं ओढलं. मोठ्यांच्या आधी कधी न जेवणारी पोर. तिनं भाकरी मोडली, ठेच्याला लावली, आणि कोणाकडंही न बघता कांदा कचकन चावला. तिचा होकार सगळ्या बैठकीला ऐकू गेला.