आधी करून दाखवा

जालन्याच्या कचेरीबाहेर चिंचेखाली बसून नोकरीच्या दरखास्ती उर्दूत लिहून देणाऱ्या गृहस्थांना सगळे मुनशीजी म्हणत. नुसतं 'काम केलं' असं लिहायला ते तयार नसत. "जोरदार सांगा! उचललं, हाकललं, धावलो!" पण त्यांची एक अट होती. जे लिहायचं ते आधी तिथंच करून दाखवायचं. त्यामुळे कुणी कचेरीला धावत फेरी मारी, कुणी धोंडा उचली. चौकीदार होऊ पाहणारा एक जण भरदुपारी "होशियार!" असं ओरडला, तेव्हा आतले शिपाई काठ्या घेऊन बाहेर आले.

वडील गेल्यावर घर माझ्यावर आलं. कापसाच्या जिनिंगमधल्या कारकुनीसाठी मीही मुनशीजींपुढे बसलो.

"आजपर्यंत काय केलं, पंडित?"

"शिकलो. पुस्तकं वाचली."

"म्हंजे बसले. अन् ही दोन सालं घरी काय करून राह्यल्ते?"

"वडील अंथरुणावर होते. त्यांचं सगळं मीच करत होतो."

"सगळं म्हंजे काय? जोरदार सांगा."

"कूस वळवली. न्हाऊ घातलं. भरवलं. शेवटी खांदा दिला."

अट आठवून मी उठू लागलो.

"बसा," ते म्हणाले. "ह्ये न्हाई दाखवायचं."

मागे एक जण केव्हाचा धोंडा उचलून उभा होता. "मुनशीजी, ठेवू का आता?"

"थांब जरा," म्हणत त्यांनी कलम दौतीत बुडवलं आणि माझी दरखास्त लिहायला घेतली.