रूथबाईंच्या बागेची बेणणी

आमच्या घरात गवत हा विषय दोनच कारणांनी निघायचा: म्हशीला घालायचं म्हणून, नाहीतर भातातून उपटायचं म्हणून. तिसरं कारण मी आणलं.

पनवेलजवळच्या कोन गावात आमची भातशेती होती. रस्ता मोठा व्हायच्या आधी बरीच होती, नंतर दोन तुकडे उरले. बाबा टेम्पो चालवायला लागले. आई आणि आत्या दुसऱ्यांच्या शेतात बेणणीला जायला लागल्या. बेणणी म्हणजे चिखलात उभं राहून, कंबरेत वाकून, भातातलं गवत वेचून काढायचं. सकाळी वाकलेली आई संध्याकाळी सरळ व्हायची, तेव्हा जुन्या दरवाजासारखा आवाज यायचा (दरवाजाला निदान तेल मिळायचं). घरात रेनकोट एकच. तो घालून मी शाळेत जायचे आणि आई खताची रिकामी गोणी डोक्यावर घेऊन शेतात. त्या मजुरीवर मी शिकले. बी.एस्सी. हॉर्टिकल्चर! वर पुण्याचा लँडस्केप डिझाइनचा डिप्लोमा! आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि हे मी कोणी न विचारताही सांगते.

"लँडस्केप म्हंजे काय गो?" आईने एकदा विचारलं.

"जमिनीवर चित्र काढायचं, आई. झाडं, दगड, पाणी वापरून."

"आनि ते खायाला कदी येतं?"

या प्रश्नाचं उत्तर डिप्लोमात नव्हतं.

नोकरीसाठी बेलापूरच्या एका लँडस्केप फर्ममध्ये गेले. तिथल्या साहेबांनी मार्कलिस्ट न उघडताच परत दिली. "एक पूर्ण केलेली बाग दाखवा. फोटो आणा, मग बोलू." इकडे बाबांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर नोकरी नाही लागली तर त्यांच्या ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे पावत्या फाडायला बसायचं. बागेसाठी जागा कोण देणार? पनवेलमध्ये तर कुंडी ठेवायलाही सोसायटीची परवानगी लागते!

दिली रूथबाईंनी. रूथबाई आमच्या हायस्कूलच्या चित्रकलेच्या बाई. पनवेलच्या जुन्या भागात त्यांचं बैठं घर, मागे बऱ्यापैकी मोकळी जागा. बाई बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू. मुलं केव्हाच इस्रायलला गेली, बाई मात्र 'तिकडचं पापलेट मला पटत नाही' या एका मुद्द्यावर इथेच राहिल्या.

"सुवर्णा, मला खिडकीतून चित्र दिसलं पाहिजे," बाई म्हणाल्या. "ते बघत बसेन, रंगवत बसेन. पण एक सांगून ठेवते. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी आणि बाजूला झोपडी असलं काही नको. ते मी चौतीस वर्षं तपासलंय."

मी माळरान केलं. लाटांसारखं कमरेइतकं गवत, त्याला जांभळट तुरे, मध्ये दोन काळे दगड आणि एक पायवाट, जी कुठेच जात नाही (लँडस्केपमधल्या पायवाटेने कुठे गेलंच पाहिजे असं नसतं. बाबांना हे अजून पटलेलं नाही). गवत पुण्याच्या नर्सरीतून आणलेलं, पेनिसेटम जातीचं. दसरा उलटला तेव्हा ते असं काही डोलायला लागलं की मीच गेटपाशी उभी राहून स्वतःचं कौतुक करायचे.

आता माझी चूक सांगते. घरी मी या कामाला 'रूथबाईंकडचा माझा प्रोजेक्ट' म्हणायचे. गवत हा शब्द मी तीन महिन्यांत एकदाही उच्चारला नाही. ग्रॅज्युएट बाईने 'मी गवत लावते' असं म्हणायचं? छे!

शुक्रवारी जेवताना मी जाहीर केलं, "परवा सकाळी फोटो काढायचेत, सोमवारी बेलापूरला दाखवायचेत. माझं सगळं त्या फोटोंवर अवलंबून आहे. बाग नुसती आरशासारखी दिसली पाहिजे! नको असलेलं एक पान तिथे नको!"

आईने आत्याकडे बघितलं. आत्याने आईकडे बघितलं. मला वाटलं, कौतुकाने बघतायत.

शनिवारी सकाळी मी मंगेशदादाकडे गेले. हा माझा चुलतभाऊ, हळदी-लग्नांचा फोटोग्राफर. फुकटात येणार होता, म्हणून दीड तास समजूत काढावी लागली.

"नवरा-नवरी कोण?" त्याने विचारलं.

"कोणी नाही. नुसती बाग."

"मानूस नाय तं हस कोनाला बोलू?"

शेवटी म्हटलं, चल, आधी जागा तरी बघ. दुपारी बाराच्या सुमारास रिक्षाने बाईंकडे पोचलो. गेट उघडलं आणि मला वाटलं, घर चुकलं.

समोर जमीन होती. नुसती जमीन! तिरुपतीहून परतलेल्या डोक्यासारखी गुळगुळीत. दोन्ही काळे दगड धुऊन पुसून ठेवलेले. माझी पायवाट आता कुठेही जाऊ शकत होती, कारण तिला अडवायला काही उरलंच नव्हतं. मागच्या पायरीवर आई आणि आत्या बसल्या होत्या. बाजूला खुरपी, हातात बाईंनी दिलेलं लिंबाचं सरबत.

"आलीस? बघ!" आई म्हणाली. तिचा चेहरा असा फुललेला मी माझ्या निकालाच्या दिवशीच बघितला होता. "काय माजलं व्हतं गो! कमरेएवडं!"

"बाई एकटी रहाते, तिचं वय झालं," आत्या हळूच म्हणाली. "पन तू तं लक्ष द्यायचंस!"

"आई... ते गवत..."

"मुळासकट काडलं. आता परत यायचं नाव नाय!"

"ते मी लावलं होतं!"

आईने सरबताचा घोट गिळला. "काय लावलं व्हतं?"

"गवत."

"मुद्दाम?"

"मुद्दाम! पुण्याहून आणून!"

आत्याने ग्लास खाली ठेवला. "वयनी, पोरीला दिष्ट लागली. मी कदीची सांगतंय."

"कुठे आहे ते गवत?" मी ओरडले.

"तुजे बाबा टेम्पोत भरून घेऊन गेले. म्हशीला."

मी बाबांना फोन लावला. "बाबा! गवत उतरवू नका!"

"उतरवलं कवाच," बाबा म्हणाले. "खाऊन पन झालं. काय आवडीनं खाल्लंन! कुठलं व्हतं गो? आनखी मिळंल?"

तीन महिन्यांचं माझं लँडस्केप म्हशीने अर्ध्या तासात संपवलं होतं. जाणकाराने दिलेली ती पहिली दाद.

सकाळच्या प्रार्थनेला सिनेगॉगमध्ये गेलेल्या बाई परतून खिडकीत बसल्या होत्या. मी विचारलं, "बाई, तुम्ही यांना थांबवलं कसं नाही?"

"मी आले तेव्हा एक कोपरा तेवढा राहिला होता. मला वाटलं, तूच पाठवलंयस. तुमच्या हल्लीच्या डिझाइनचं काही सांगता येतं का? आणि काय हात चालत होते दोघींचे! मी बघतच बसले."

"रागावलात का, बाई?"

"आज शब्बाथ. आज मी कुठलंच काम करत नाही, रागवायचंसुद्धा. संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो." बाईंनी चष्मा पुसला. "मग रागावते."

मी पायरीवर बसून रडायला लागले. पावत्यांचं पुस्तक डोळ्यांसमोर नाचत होतं. मंगेशदादाने कॅमेरा उचलला ("आता मानूस आला फ्रेममध्ये!") आणि आत्याने त्याच्या पाठीत धपाटा घातला. आई येऊन माझ्या शेजारी टेकली. म्हणाली, "कसं दिसत व्हतं ते, मोबाईलमदी दाखव."

तिने फोटो जवळ धरला, लांब धरला. "ह्याच्यासाठी पुन्याला गेलीस? आपल्या बांधावर हाय हे."

"आई, ते जंगली. हे पेनिसेटम आहे, वेगळी जात आहे..."

"तुरा तोच, पात तीच. ऊठ."

दुपारी टेम्पो कोनच्या बांधावर उभा राहिला. आई, आत्या आणि शेजारच्या तिघीजणी मुळांना मातीचा गड्डा ठेवून गवत उपसत होत्या, आणि मी, पदवीधर तज्ज्ञ, टेम्पोत ते उभं रचत होते. बाबा तर हरखूनच गेले होते. "आधी पनवेलचं गवत कोनला, आता कोनचं पनवेलला. धंदा जोरात हाय तुजा!"

सहा वाजता बाईंच्या मागच्या अंगणात लावणी सुरू झाली. आईचा हात लावणीला बसला की मशीन काय चालेल! पण दहा मिनिटांत मी किंचाळले. गवत सरळ रांगेत उभं राहत होतं. शाळेतल्या प्रार्थनेसारखं!

"आई, रांगेत नको! वेडंवाकडं लाव!"

"माजा हात वाकडा जात नाय."

"लँडस्केप आहे ते!"

"लोक काय बोलतील? कोनच्या बायांना लावनी येत नाय?"

खिडकीतून बाईंचा आवाज आला, "सुवर्णा, एक दिसला."

एक तारा! अजून दोन दिसले की बाई रागावणार! आईला समजावण्यात अर्थ नव्हता, तिचं लक्षच दुसरीकडे वळवायला हवं होतं. मी सरळ विचारलं, "आत्या, मंगेशदादाच्या साखरपुड्यात आईने तुला कुठली साडी दिली होती गं?"

"साडी?" आत्या उसळली. "साडी बोलतंस तिला? एका धुन्यात रुमाल झाला तिचा!"

"मग नेसलीस कशाला, तीन लग्नांत?" आई गर्रकन वळली. हात थांबले नाहीत, कारण ते थांबत नाहीतच. पण रांग गेली! दोघी एकमेकींना उत्तरं देत पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकत राहिल्या, आणि जिथे जिथे भांडण रंगलं तिथे तिथे गवताला सुरेख लाटा आल्या. आत्या मानपानावर घसरली तेव्हा तर मोठ्या दगडाला असा काही वळसा पडला, की मी तो कागदावर तीन वेळा काढून खोडला असता.

"दोन," बाई म्हणाल्या.

शेवटचा गड्डा बसला, मी पाणी मारलं, आणि बाई दार उघडून बाहेर आल्या. तिसरा तारा आला होता. बाई मोठ्या दगडापर्यंत चालत गेल्या. वारा सुटला, तुरे हलले. आई पदराने हात पुसत पाठीमागे उभी राहिली, शाळेत बोलावलेल्या पालकासारखी.

"रागवायचं ठरवलं होतं मी," बाई म्हणाल्या. "पण आधीचं नर्सरीच्या कॅटलॉगसारखं दिसायचं. तू वाईट वाटून घेशील म्हणून बोलले नाही."

रविवारी पहिल्या उन्हात मंगेशदादाने फोटो काढले. 'मागे स्वित्झर्लंड टाकू?', 'निदान दोन हंस सोडू?' असं विचारत काढले, पण काढले. सोमवारी बेलापूरला साहेबांनी एकेक फोटो डोळ्यांजवळ नेला.

"हे ग्रास कुठल्या नर्सरीचं?"

"कोनची घरगुती नर्सरी आहे, सर."

"आणि ही दगडाभोवतीची मूव्हमेंट? हे ड्रॉइंगवर साधत नाही. कशी केलीत?"

साडीपासून सुरुवात करावी लागली असती. मी म्हटलं, "टीमवर्क, सर."

पुढच्या आठवड्यात बाईंनी चित्र पूर्ण केलं म्हणून बघायला बोलावलं. मी नवा ड्रेस घालून गेले. शेवटी माझ्या बागेचं चित्र ना ते! चित्रात उघडी जमीन होती, दोन काळे दगड होते, आणि खुरपी घेऊन बसलेल्या दोन बायका होत्या. त्यांच्या हातांवर बाईंनी जीव ओतला होता. गवताची एक काडी नव्हती.

"बाई, मी कुठे आहे?"

"तू?" बाई ब्रश धूत म्हणाल्या. "तू तेव्हा रिक्षात होतीस."

ते असो. ट्रान्सपोर्टच्या पावत्या आज दुसरंच कोणीतरी फाडतंय. मला नोकरी लागली. मी लँडस्केप डिझायनर आहे. चित्रात नसले तरी नेमणूकपत्रात आहे, सही-शिक्क्यासकट.