वालाच्या वाटेवर सायकली

"ही मुकी हाय काय गो?"

कालव्याच्या पायऱ्यांवर कपडे धुणाऱ्या बायकांपैकी कुणीतरी हळू आवाजात विचारलं. पाण्यावरून आवाज फार स्वच्छ येतो, त्यामुळे मला ऐकू आलं. माझे बॉस मंदार सर, त्यांनाही आलं असणार. पण ते फोन उंच धरून रेंज शोधत होते. मी हेल्मेटचा पट्टा पुन्हा एकदा घट्ट केला. तो आधीच घट्ट होता.

माझं काम सायकल राइडचे रूट आखण्याचं. पुण्या-मुंबईहून लोक महागड्या सायकली घेऊन येतात आणि आमची छोटी कंपनी त्यांना दोन दिवस गावांतून फिरवते. राइडच्या आधी रस्ता स्वतः चालवून बघावा लागतो. त्याला आम्ही रेकी म्हणतो. चढ किती, खड्डे कुठे, पाणी कुठे मिळेल, कुत्री कुठली भुंकतात, हे सगळं रेकीत कळतं. राइडच्या दिवशी सगळ्यांत पुढे असतो तो लीड, सगळ्यांत मागे असतो तो स्वीप. मी नेहमी स्वीप. मागे राहिलं की कुणाशी बोलावं लागत नाही.

मी पेणची. शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात इंग्रजी चुकेल म्हणून गप्प बसायचं, गल्लीत मराठी चुकेल म्हणून गप्प बसायचं, अशी माझी वर्षं गेली. त्यामुळे रेकीसुद्धा मी पहाटे करायचे. रस्त्यावर कुणी नसतं तेव्हा.

हा रूट माझा पहिला, अगदी स्वतःचा. पेणहून धरणाच्या पाण्याच्या कडेने, मग टेकड्यांमधून कासूच्या बाजूला, आणि शेवटी रोह्याकडचा कालवा. जानेवारीत मी तो पहिल्यांदा चालवला तेव्हा धुकं इतकं होतं, की डोंगर वर दिसायच्या आधी मला पाण्यात दिसला. कालव्याला उतार फार कमी असतो. डोळ्यांना कळतही नाही, पाण्याला मात्र कळतो. त्याच्या कडेचा रस्ताही तसाच. पायडल मारतोय की वाहतोय, हे सांगता येत नाही. एक पान माझ्या शेजारून वाहत होतं. बराच वेळ आम्ही बरोबर होतो. मग मी ब्रेक लावला आणि ते पुढे गेलं. मला उगाच वाटलं, त्याला काहीतरी म्हणायला हवं होतं.

मंदार सर म्हणाले होते, "ही राइड नीट झाली तर कोकणचे रूट तुझ्याकडे. नाही झाली तर परत ऑफिसात बसून मॅप कर." ऑफिस म्हणजे पुण्यातली एक खोली. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते.

म्हणून ही दुसरी रेकी, सरांबरोबर. सर उशिरा उठतात, त्यामुळे कालव्यावर पोचेपर्यंत उन्हं वर आली होती. जानेवारीतला रिकामा रस्ता आता रिकामा नव्हता. खिंडीतून खाली उतरणारा डांबरी रस्ता जिथे कालव्याला मिळतो, बरोबर तिथे वाळलेले वाल पसरले होते, मुळांपासून उपटलेले, शेंगांसकट, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

आमच्याकडे भातानंतर शेतात वाल लावतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते वाळतात. मग शेंगा फोडून दाणे काढायचे. ती मळणी कुणी रस्त्यावर करतं. टेम्पो, रिक्षा, जीप वरून जातात, शेंगा आपोआप फुटतात. बायका काठीने वाल उलटत राहतात, संध्याकाळी वाऱ्यावर पाखडतात. गाडीवाल्याला थांबवावं लागत नाही, विचारावंही लागत नाही. तो निघून जातो, काम झालेलं असतं.

पण रोड बाइकचं, म्हणजे शर्यतीच्या सायकलचं, टायर दोन बोटांइतकंच रुंद. शेंगेतून सुटलेले दाणे डांबरावर छऱ्यांसारखे फिरतात. सरांचं मागचं चाक सरकलं. त्यांनी पाय टेकवला, तो पायही सरकला.

"ओ सायेब, नाचू नका! चालवा की वरनं!" काठी घेतलेली एक काकू ओरडली. बाकीच्या हसल्या. तिला सगळ्या सुगंधाकाकू म्हणत होत्या.

सर सावरले. "काकू, पुढच्या रविवारी आमचे वीस लोक येणारेत. सकाळी तासभर एवढं बाजूला कराल का?"

"तासभर?" सुगंधाकाकूने वर बघितलं. "ते ऊन तुमच्यासाठी थांबल काय? त्याला सांगा, मंग आमी उचलतो."

त्यानंतर सर फोनवर रेंज शोधायला गेले आणि माझ्या मुकेपणाची चौकशी झाली.

परतताना सर म्हणाले, "हायवेने घे. कालवा काढून टाक."

हायवे म्हणजे ट्रेलर, धूळ आणि हॉर्न. कालवा गेला तर त्या रूटमध्ये माझं काही उरत नव्हतं. मी "हं" म्हणाले.

दोन दिवसांनी मी सायकल न घेता एकटीच रेल्वेने रोह्याला गेले. स्टेशनपासून रिक्षा केली. एकच प्रश्न विचारायचा होता: रविवारी वाल कुठे घालणार? थोडे अलीकडे, थोडे पलीकडे असतील तर रूट वाचेल. दहाच्या सुमाराला मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. सुगंधाकाकू वाल उलटत होती. वाळलेल्या शेंगांचा आवाज कुणीतरी कागद चुरगाळत असल्यासारखा येत होता. कालव्यात आभाळ सावकाश पुढे सरकत होतं. मी वाक्य मनात जुळवलं. ते फारच पुस्तकी वाटलं. परत जुळवलं.

"मुके, पाणी पिशील?" काकूने विचारलं.

मी मान हलवली. पाणी प्याले. बराच वेळ उभी राहिले आणि परत आले.

मात्र उभं राहून एवढं दिसलं, की ती जागा त्यांनी सोडणं कठीण आहे. खिंडीतून वारा बरोबर तिथेच उतरतो. पुढे झाडांची सावली, मागे चढ. मी सरांना नवा मॅप पाठवला. कालवा ठेवला होता. त्या तुकड्यावर लिहिलं होतं: उतरून चालणे.

सरांचा लगेच फोन. "सायकलवाले चालत नाहीत गं. पैसे भरून येतात ते."

"हं."

"अगं, हं काय? पटवून दे मला."

त्यांनी सुस्कारा टाकला. "बरं. मी लीड असेन. खिंडीत सगळ्यांना थांबवीन, समजावीन. पण कुणी पडलं तर हा रूट संपला."

रविवारी खिंडीच्या अलीकडे सरांचंच टायर पंक्चर झालं आणि सगळे तिथेच थांबले. मी मागून पोचले. "तू पुढे हो," ते म्हणाले. "वर थांबव सगळ्यांना."

मी पुढे झाले. पण चढ संपला की सायकलवाल्याला काय होतं, हे मला माहीत आहे. मलाही होतं. समोर दरी उघडते, धुक्याची शेवटची पट्टी विरत असते, कालवा चांदीच्या तारेसारखा वळलेला दिसतो, आणि पाय आपोआप थांबतात, चाकं नाहीत. नियमाप्रमाणे मी हात वर केला. हात वर म्हणजे थांबा. कुणी बघितलं नाही. सगळे कालवा बघत होते. एक गेला, दुसरा गेला, तिसरी "वॉव" म्हणत गेली. खाली वळणापलीकडे वाल पसरलेले असणार. अजून कुणाला ते दिसत नव्हते.

मी ओरडले. काय ओरडायचं ते आधी जुळवलं नव्हतं.

"उतरा! सगळे उतरा! खाली लोकांचे वाल आहेत!"

माझा आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन परत आला. तो आवाज माझा आहे, हे कळायला मला क्षण लागला. ब्रेक किंचाळले. पहिला पठ्ठ्या वालांच्या कडेपर्यंत गेला, आडवा झाला आणि शेंगांच्या ढिगात अलगद बसला. गुडघा खरचटला, सायकलला काही नाही.

मग वीस जण सायकली हातात धरून चालले. क्लीट म्हणजे बुटाखालचे प्लास्टिकचे तुकडे, त्यांनी शेंगा छान फुटत होत्या. सगळ्यांच्या पायांखाली तो कागद चुरगाळल्याचा आवाज, शेजारी पाणी, पाण्यात उलट्या सायकली. पुढे पोचायची कुणालाच घाई नव्हती असं वाटलं, मलाही नाही.

फीडबॅकमध्ये बऱ्याच जणांनी चालण्याचा तुकडा आवडल्याचं लिहिलं. खरचटलेल्यानेही. सरांनी कोकणचे रूट माझ्याकडे दिले आणि चालणं हा आपणच सुचवलेला बदल असल्यासारखं बोलू लागले. या धंद्यात मी एवढंच शिकले: रेकी गाव उठल्यावर करावी. पहाटेचा रस्ता सुंदर असतो, पण तो कुणाचाच नसतो.

त्या रविवारी सगळे पुढे गेल्यावर मी शेवटी, माझ्या स्वीपच्या जागी, चालत होते. सुगंधाकाकू काठीवर हनुवटी टेकून बघत होती.

"अगो बाय, बोलते ही!" ती इतरांना म्हणाली. मग मला, "आवाज तर खिंडीपासनं ऐकला. मंग त्या दिशी नुस्तीच उभी का ऱ्हायलीस गो?"

मी सायकल उभी केली.

"विचारायचं राहून गेलं होतं, काकू. पुढच्या रविवारी वाल कुठे घालणार?"