मनगटाची आठ हाडं

कलकत्त्याला डमडमच्या आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर, हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात, एका बाजूला आईचे सांडगे वाळत आणि दुसऱ्या बाजूला जुन्या बंगाली वर्तमानपत्रावर माणसाची हाडं... पिवळसर, खरखरीत, चुन्यासारखा उग्र वास असलेली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. ताई मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होती.

हाडं घरात येणार नाहीत आणि त्यांना हात लावला की आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही, अशा आईच्या अटी होत्या. वडिलांची अट एकच, पण जीवघेणी : पहिल्या परीक्षेत पास झालीस तर डॉक्टर, नापास झालीस तर पुढच्या बदलीच्या गावी लग्न. नोकरी केंद्र सरकारची. बदली सदैव दाराशी उभी.

ताई माझ्या पोटरीवर खडूनं रेषा काढून शिके, डोळे मिटून हाड चाचपे आणि डावं की उजवं ते अचूक सांगे. पण मनगटाच्या त्या आठ इवल्या हाडांची परकी नावं काही केल्या तिच्या डोक्यात राहीनात. शेवटी तिनं आमच्या घरातला पिढीजात उपाय केला — ती आरतीच्या चालीत बसवली. पाढे, स्तोत्रं, नद्यांची नावं... सारं आम्ही चालीवरच पाठ केलेलं.

"देवाच्या चालीवर मढ्याची हाडं!" आईनं कपाळाला हात लावला.

"नावं आहेत गं नुसती," ताई हसली, आणि मीही टाळ्या वाजवत तिच्या मागून म्हणू लागले. फार सुखाच्या होत्या त्या दुपारी...

तोंडी परीक्षेत नेमकं त्यातलंच, मधलं एक हाड परीक्षकांनी तिच्या तळहातावर ठेवलं. चाल पहिल्यापासून धरल्याशिवाय नाव येईना. ती पुटपुटू लागली, घाईत ओळ चुकली, पुन्हा पहिल्यापासून... आणि पुटपुटण्याचं गुणगुणणं कधी झालं, तिलाच कळलं नाही. "गानेर क्लास पाशेर बाडीते," परीक्षक म्हणाले — गाण्याचा वर्ग शेजारच्या घरात! सगळे हसले. ताई हाड टेबलावर ठेवून उठली, आणि नापास झाली.

वडील रागावले नाहीत, पण दिल्या शब्दाला जागले. नागपूरची बदली आली, हाडं दुसऱ्या कुणा विद्यार्थ्याकडे गेली आणि बघायला आलेल्या मंडळींना ताईचं शिक्षण 'इंटर सायन्स' सांगण्यात आलं. मेडिकलचं नाव काढायचं नाही, असं मलाही बजावलं होतं.

परवा ताईच्या नातीला मेडिकलला प्रवेश मिळाला. घरभर पेढे, फोनवर फोन. पोरगी जाडजूड पुस्तक घेऊन आजीला खेटून बसली. "आजी, एवढी सगळी हाडं पाठ करायची!"

मी ताईकडे पाहिलं. आता तरी बोलेल, असं वाटलं होतं.

ताईनं पुस्तक न उघडताच नातीकडे सरकवलं. "हो गं," ती म्हणाली, "फार पाठांतर असतं म्हणे."